सुनोवर केलेलं मराठी गाणं का खटकतं, आणि ते लोकांपुढे नेण्याआधी काय करावं

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही गाणी लिहिता, पण संगीत शिकलेले नाही. गावच्या गणेश मंडळासाठी एक गाणं लिहिलंत, शब्द सुनो या गाणी बनवणाऱ्या एआय साधनात टाकलेत आणि काही मिनिटांत चाल, वाद्यं, गायकाचा आवाज असं सगळं तयार मिळालं. मंडळातल्या मुलांना ते आवडलं. तुम्हाला मात्र ऐकताना काहीतरी खटकतंय आणि ते नेमकं काय हे बोट ठेवून सांगता येत नाही. शिवाय तुम्ही विचारलंय की प्रॉम्प्ट, म्हणजे यंत्राला द्यायची लेखी सूचना, कसा लिहिला तर हे खटकणं जाईल, पैसे भरून योजना घ्यावी का, आणि यूट्यूबवर टाकलं तर गाणं तुमचंच राहील का.

मी पुण्यात संगीत संयोजनाचं काम करतो. भजनी मंडळांची ध्वनिमुद्रणं, भावगीतं, मंडळांची गाणी हेच बहुतेक काम. अलीकडे माझ्याकडे येणारे गीतकार फोनमध्ये असंच तयार गाणं घेऊन येतात आणि प्रत्येकाची तक्रार जवळपास तुमच्यासारखीच असते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची अडचण प्रॉम्प्टच्या पलीकडची आहे. गाणं बांधताना असंख्य बारीक निर्णय घ्यावे लागतात. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठल्या अक्षरावर येणार, कुठला शब्द ओढायचा आणि कुठला पटकन टाकायचा, श्वास कुठे घ्यायचा, ध्रुवपदाकडे परत कसं यायचं. तुमच्या गाण्यात हे सगळं यंत्रानं ठरवलं, आणि ठरवताना त्याला तुमच्या शब्दांचा अर्थही कळत नव्हता आणि तुमच्या गावची बोलीही माहीत नव्हती. तुमच्या कानाला खटकतंय, म्हणजे तो कान चांगला आहे. त्याच्यावर विश्वास ठेवा.

आता हे गाणं कशासाठी हवंय, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. दहा दिवस मांडवात वाजवायचं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायचं एवढाच हेतू असेल, तर उच्चार दुरुस्त करून घ्या, एआयनं केलंय हे स्पष्ट सांगा आणि आनंदानं वाजवा. तुमच्या नावानं प्रसिद्ध करायचं असेल, त्यातून उत्पन्न हवं असेल किंवा गीतकार म्हणून तुमची ओळख त्यावर उभी राहणार असेल, तर मात्र खालचं सगळं नीट वाचा.

आधी यंत्र आत काय करतं ते बघू. या साधनांना स्वरलिपी किंवा ताल यांचं कोष्टक दिलेलं नसतं. ध्वनीचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्याला सांकेतिक आकडे दिले जातात आणि मॉडेल पुढचे आकडे कोणते असावेत याचा अंदाज बांधत जातं. फेसबुकवाल्या मेटा कंपनीनं २०२३ मध्ये म्युझिकजेन हे मॉडेल खुलं केलं, त्यात ही पद्धत उघड दिसते: एका सेकंदाचे ५० भाग आणि प्रत्येक भागाला चार आकडे. व्यापारी साधनांच्या आतली रचना कंपन्या पूर्ण सांगत नाहीत, पण मूळ तत्त्व शिकलेल्या नमुन्यांवरून अंदाज बांधण्याचंच आहे. जे खूप ऐकलं ते चांगलं येतं, जे थोडं ऐकलं ते शेजारच्या ओळखीच्या गोष्टीकडे झुकतं. इंटरनेटवर इंग्रजी आणि हिंदी गाण्यांच्या मानानं मराठी गाणी फारच कमी. त्यामुळे मराठी शब्द दिले की यंत्र ते हिंदी वळणानं गातं. तुमचं निम्मं खटकणं इथलं आहे.

ते कुठे कुठे होतं, हे ओळखायला शिका. ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि ‘गळ्यात माळ’ ऐकू येते ‘गल्यात माल’. ‘ण’ पातळ होऊन ‘न’कडे सरकतो. ‘ज्ञ’ आपण ‘द्न्य’ म्हणतो, यंत्र ‘ग्य’ म्हणतं. ‘कृपा’ची ‘क्रिपा’ होते. ‘गौराई’तला ‘गौ’ आपण ‘गउ’सारखा उच्चारतो, तो हिंदीसारखा पसरट होतो. आणि सगळ्यांत जास्त कानाला टोचतो तो ‘च’ आणि ‘झ’. ‘चाक’, ‘चांगला’ यांतला दंततालव्य ‘च’ आपल्या बोलण्याचा प्राण आहे. ‘माझा’ आणि ‘माझी’ या दोन शब्दांत ‘झ’ दोन वेगळ्या तऱ्हांनी येतो, हे मराठी माणसाला न शिकवता कळतं. यंत्र दोन्ही एकाच साच्यात गातं. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण गायक आपल्यातला नाही एवढं पहिल्या ओळीतच कळतं.

यातलं काही लेखनानं दुरुस्त होतं. शब्द टाकताना शुद्धलेखन बाजूला ठेवा आणि उच्चार लिहा: ‘क्रुपा’, ‘द्न्यान’, ‘गउराई’. ‘आलं’, ‘झालं’ यांच्यातल्या अनुस्वाराचा अनेकदा ‘म’ किंवा ‘न’ होतो, तिथे चालीत बसत असेल तर ‘आले’, ‘झाले’ ही रूपं वापरा. गाण्याच्या भाषेला ती शोभतातही. ‘ळ’ आणि दंततालव्य ‘च’ यांना मात्र माझ्याकडे भरवशाचा उपाय नाही. पुन्हा पुन्हा करून एखाद्या वेळी नीट येतो, एवढंच. शब्दच बदलावा असं तुम्हाला वाटेल, पण माझं मत विरुद्ध आहे. यंत्राला ‘माळ’ म्हणता येत नाही म्हणून गीतकारानं ‘हार’ लिहायला लागणं हे मला मान्य नाही. असं करत गेलो तर काही वर्षांनी ‘ळ’ नसलेली गाणीच लिहिली जातील. तो शब्द माणसाकडून गाऊन घ्या.

दुसरं खटकणं शब्दांच्या वजनाचं. तुमची ओळ हातानं टाळी देत वाचा आणि टाळीवर कुठलं अक्षर पडतंय ते बघा. मग यंत्रानं गायलेली तीच ओळ ऐका. बहुतेक वेळा टाळी भलत्याच अक्षरावर पडलेली दिसेल: एखादं ‘आणि’ किंवा ‘तर’ लांबलचक ओढलेलं, आणि ज्या शब्दासाठी ओळ लिहिली तो घाईनं उरकलेला. यावर उपाय तुमच्याच हातात आहे. ओळी अक्षरांनी घट्ट बांधा. आपल्याकडे याची तयार परंपरा आहे. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. या मापात लिहिलेलं कडवं यंत्रही बरंच सरळ गातं, कारण ओढाताण करायला जागाच कमी उरते. एका ओळीत नऊ अक्षरं, पुढच्या ओळीत चौदा, असं मुक्त लिहिलंत की ते शब्द कोंबतं किंवा ताणतं. चाली बांधणारा माणूस अशा वेळी फोन करून विचारतो, ‘इथला एक शब्द काढू का?’ यंत्र विचारत नाही.

ठेक्याचंही असंच. आठ मात्रांचा भजनी ठेका किंवा केरवा मागितला तर बरा येतो, कारण चार-चारच्या गणितात तो बसतो. सात मात्रांचा रूपक किंवा दहाचा झपताल मागा, दोन ओळी बऱ्या जातात आणि मग हळूच सगळं चार मात्रांवर येऊन बसतं. रागाबद्दल तर फार अपेक्षा ठेवू नका. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा रे ग प ध हेच पाच स्वर आहेत. भूपात वजन गंधाराला (ग) आणि देशकारात धैवताला (ध), म्हणून दोन्हींचा चेहरा निराळा. ‘भूप राग’ असं लिहिलंत तर ते पाच स्वर कदाचित मिळतील, भूप मिळेलच असं नाही. गाण्यात नेमका तो चेहराच हवा असतो.

सुनोतल्या शैलीच्या (स्टाइल) चौकटीत काय लिहायचं, हे तुम्ही विचारलंय. आपल्या तालमीतले शब्द तिथे चालत नाहीत. ‘झील’ म्हटलं तर कळणार नाही, ‘एकाची ओळ, मग समूहाचा प्रतिसाद’ असं सांगावं लागतं. पेटीवरच्या ‘काळी एक’च्या जागी ‘सी शार्प’. ‘ठसकेबाज’ म्हणण्याऐवजी लय मिनिटाला किती ठोक्यांची ते आकड्यात. वाद्यं मोजकी सांगा. ढोलकी, टाळ, संवादिनी एवढी पुरेत. संबळ, हलगी, तुणतुणं लिहून मी पाहिलंय. येतं ते बहुधा कुठलं तरी भारतीय वाटणारं तालवाद्य. गाण्याचा आराखडाही स्पष्ट सांगा, नाहीतर ते पाश्चात्त्य पॉपसारखं शेवटाजवळ एक नवीनच तुकडा घुसवतं. आपल्याकडे ध्रुवपद, कडवं, आणि कडव्याच्या शेवटी ध्रुवपदाकडे नेणारी क्रॉसलाइन, अशी बांधणी असते. यंत्र क्रॉसलाइन ओळखत नाही, म्हणून कडवं संपताच गाणं तुटल्यासारखं वाटतं. त्या जागी तुमच्या गाण्यातही तसंच होतंय का, ते ऐकून बघा.

आता मी सुचवतो ती पद्धत. सुरुवात यंत्रापासून करू नका. शांत जागी बसा, फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करा आणि तुमची ओळ तुम्हाला सुचेल तशी गुणगुणा. बेसूर असली तरी चालेल. लिहितानाच कवीच्या डोक्यात एक लय चालू असते, ती बाहेर येऊ द्या. सुनोसारख्या साधनांत स्वतःचं ध्वनिमुद्रण चढवून त्यावरून गाणं करायची सोय आहे. तुमची गुणगुण तिथे द्या आणि मग वाद्यांचे वेगवेगळे पोशाख चढवून बघा. असं केलं की चालीचा गाभा तुमचा राहतो, आणि उद्या कुणी विचारलं की चाल कोणाची, तर तारखेसह ती फाइल दाखवता येते. गीतकारानं अशी गुणगुण आणली की मला कामाला खरी जागा मिळते. त्यात न बोललेलं बरंच सापडतं: कुठे त्याचा आवाज आपसूक चढला, कुठल्या शब्दावर तो थांबला.

यंत्रानं दिलेली चालच ठेवायची असेल, तर आधी ती कुणाची आठवण करून देते का ते तपासा. गूगलमध्ये २०२० पासून गुणगुणून गाणं शोधायची सोय आहे. मुखडा त्यात गुणगुणा. मग गावातल्या, जुनी गाणी भरपूर ऐकलेल्या दोन-तीन माणसांना ऐकवा. हा दुसरा उपाय मला जास्त खात्रीचा वाटतो. एखाद्या आजोबांनी ‘अरे, हे तर अमक्यासारखं’ म्हटलं तर ते गांभीर्यानं घ्या.

हे सांगण्यामागे कारण आहे: यंत्र आधीच्या गाण्यांवरच शिकलेलं असतं. जून २०२४ मध्ये युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन मोठ्या संगीत कंपन्यांनी अमेरिकेत सुनो आणि तसंच साधन असलेली युडिओ या दोन्ही कंपन्यांवर खटले भरले, आपली ध्वनिमुद्रणं परवानगीशिवाय मॉडेलच्या शिकवणीसाठी वापरली म्हणून. सुनोनं न्यायालयातल्या उत्तरात, इंटरनेटवर खुलेपणानं मिळणारं बऱ्या दर्जाचं जवळपास सगळं संगीत शिकवणीत होतं, असं मान्य केलं आणि हा वापर कायदेशीर असल्याचा दावा केला. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये युनिव्हर्सलनं युडिओशी आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये वॉर्नरनं सुनोशी समझोता केला. युडिओच्या समझोत्यानंतर तिथली गाणी उतरवून (डाउनलोड करून) घेण्याची सोय बंद झाली आणि वापरणाऱ्यांना जुनी गाणी काढून घ्यायला थोडीच मुदत मिळाली. म्हणून आवडलेलं गाणं त्याच दिवशी स्वतःकडे उतरवून ठेवा, आणि त्या दिवशीच्या अटींचं पानही जतन करा. अटी बदलतात.

मालकीचं उत्तर तीन भागांत आहे. शब्द तुमचे आहेत. लिहिल्या क्षणापासून, नोंदणी केली नाही तरीही. त्यांवरचा हक्क यंत्रात टाकल्यानं जात नाही. फक्त जुन्या वह्या, मसुदे, तारखा सांभाळा. चाल आणि संगीत पूर्ण यंत्राचं असेल, तर मात्र जमीन डळमळीत आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, १९९४ च्या दुरुस्तीनं, संगणकानं निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता ती निर्माण व्हायला कारण झालेली व्यक्ती, असं म्हटलंय. वाचून वाटतं की प्रॉम्प्ट लिहिणारा कर्ता झाला. पण ते कलम लिहिलं गेलं तेव्हा अशी साधनं नव्हती. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं जानेवारी २०२५ मध्ये, नुसत्या प्रॉम्प्टवर हक्क मिळत नाही, अशी भूमिका घेतली. त्यामुळे उद्या दुसऱ्या मंडळानं तुमची एआय चाल उचलली, तर तिच्यावर भांडणं अवघड जाईल. शब्द उचलले तर तुमची बाजू भक्कम. तिसरा भाग कंपनीच्या अटींचा. सुनोवर मोफत खात्यातलं गाणं व्यावसायिक वापरासाठी नसतं आणि नंतर पैसे भरले म्हणून आधीच्या गाण्याला आपोआप ती परवानगी मिळत नाही. प्रसिद्ध करायचं नक्की असेल, तर आधी योजना घ्या आणि मग गाणं करा. नुसतं शिकायचं, चाचपायचं असेल तर मोफत खातं पुरे.

संतांचे शब्द किंवा पारंपरिक आरती घेणार असाल, तर शब्दांवर हक्क उरलेला नाही. भारतात कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी तो संपतो. पण त्याच आरतीची अलीकडे कुणी बांधलेली चाल आणि केलेलं ध्वनिमुद्रण हे वेगळे हक्क आहेत.

गायकाच्या आवाजाबद्दल माझं मत कडक आहे. मंडळांकडून हल्ली मागणी येते की अमुक गायिकेच्या आवाजात करून द्या. करू नका. अरिजित सिंग यांच्या बाबतीत जुलै २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांच्या बाबतीत २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं, एआयनं त्यांच्या आवाजाची नक्कल करण्याविरुद्ध आदेश दिले आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी, आयुष्यभर रियाज करून कमावलेला आवाज न विचारता घेणं चूक आहे. ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयनं वापरले, ते कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. विचारूनही काम होतं.

यूट्यूबच्या उत्पन्नावर फार भिस्त ठेवू नका. खऱ्यासारखा वाटणारा कृत्रिम आशय असेल तर तो जाहीर करावा लागतो, आणि एकाच साच्यातून भराभर काढलेल्या आशयाला तिथे कमाई नाकारली जाऊ शकते. शिवाय गर्दी पाहा: डीझर या फ्रेंच सेवेनं सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं की त्यांच्याकडे रोज येणाऱ्या गाण्यांपैकी सुमारे २८ टक्के पूर्णपणे एआयची असतात. त्या ढिगात तुमचं गाणं ओळखू येईल ते तुमच्या गावच्या तपशिलामुळे, तुमच्या बोलीमुळे आणि ते गाणाऱ्या गळ्यामुळे.

शेवटी तुम्ही ओझरतं विचारलंय की संयोजकाला पैसे द्यायचे कशाला, यंत्र फुकट करतंय तर. माझं पोट यावर आहे, हे लक्षात घेऊनच माझं उत्तर वाचा. पूर्ण वाद्यवृंदाची गरज तुम्हाला नाही. गावात पेटी वाजवणारा कुणी असेलच, भजनी मंडळात ढोलकी किंवा पखवाज असेल, आणि ‘माळ’ नीट म्हणणारी एखादी मुलगी शाळेच्या स्नेहसंमेलनात नक्की सापडेल. तुमची गुणगुण आणि यंत्राचा नमुना असं दोन्ही घेऊन त्यांच्याकडे जा. नमुना ऐकवा, पण ‘अगदी असंच वाजवा’ म्हणू नका. ढोलकीवाल्याला नुसते शब्द वाचून दाखवा आणि त्याचा हात कुठे पडतो ते बघा. मंडळाच्या वर्गणीतून त्यांना मानधन द्या, कमी असलं तरी द्या, आणि व्हिडिओखाली प्रत्येकाचं नाव लिहा. ध्वनिमुद्रणाला जवळच्या शहरातला छोटा स्टुडिओ काही तासांसाठी मिळतो. जाण्याआधी गायिकेची पट्टी पेटीवर नक्की करून घ्या. बायकांचा आवाज बहुधा काळी चार-पाचला खुलतो, आणि यंत्राचा नमुना वेगळ्याच पट्टीत असेल तर स्टुडिओतला वेळ त्यातच जातो. गणपतीच्या महिनाभर आधी सगळे स्टुडिओ भरलेले असतात, तेव्हा तारीख आषाढातच धरून ठेवा.